‘आपोआप’ काहीच होत नाही : पोटगी आणि ताब्याच्या एका फॉरवर्डला उत्तर

मागच्या महिन्यात एक यंत्रमाग कामगार माझ्या वकिलीच्या ऑफिसात आला. एका हातात दरखास्तीची, म्हणजे थकलेली पोटगी वसूल करण्याच्या अर्जाची, नोटीस, दुसऱ्यात मोबाईल. मी नोटीस वाचतेय तोवर त्याने मोबाईल पुढे सरकवला. “मॅडम, नोटीसच चुकीची आहे की. ह्यात बघा, काम सुटलं की पोटगी बंद होते असं लिवलंय.”

तो मेसेज मला तोपर्यंत चार ग्रुपांवरून आलेला होता. तुम्हालाही आला असेल. मजकूर थोडक्यात असा :

“घटस्फोट झालेल्या प्रत्येकाने वाचावे! १) एकदा निकाल लागला की मुलाचा ताबा आणि पोटगी कधीच बदलत नाही. २) संमतीने घटस्फोट घेतला असेल तर नंतर एक रुपयाही मागता येत नाही. ३) नोकरी गेली की पोटगी आपोआप बंद. ४) नवऱ्याने दुसरे लग्न केले की पहिलीची पोटगी बंद, बायकोने केले की मूल आपोआप बापाकडे. ५) पोटगी थकली तर मूल भेटीला पाठवू नका, भेट मिळत नसेल तर पोटगी देऊ नका. ६) मूल ९ वर्षांचे झाले की कोणाकडे राहायचे ते स्वतः ठरवते.”

आणि शेवटी, वकिलांच्या खिशात पैसे घालू नका, हा मेसेज पुढे पाठवा. तेवढ्यासाठी मला राग आला असं समजू नका. राग आला तो त्या नोटिशीमुळे.

गंमत बघा. पहिले दोन मुद्दे म्हणतात काहीच बदलत नाही. पुढचे चार म्हणतात सगळं आपलं आपण बदलतं. दोन्हींत कोर्टात अर्ज करण्याची पायरी तेवढी गाळलेली आहे, आणि सगळा खेळ त्याच पायरीवर असतो.

पहिला मुद्दा घेऊ. ‘कधीच बदलत नाही.’ हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या कलम २५ मध्ये कायमच्या पोटगीची तरतूद आहे, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात लिहिलंय की परिस्थिती बदलली तर दोघांपैकी कोणीही अर्ज करावा, कोर्ट रक्कम वाढवू शकतं, कमी करू शकतं, हुकूम रद्दही करू शकतं. मुलांसाठी कलम २६ आहे. ताबा, खर्च, शिक्षण याबद्दलचे हुकूम कोर्टाने वेळोवेळी बदलावेत अशी सोय त्या कलमातच आहे. फौजदारी बाजूने मिळालेल्या पोटगीलाही तोच न्याय. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आणि १२७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ आणि १४६ झालं. नंबर बदलले, तत्त्व तेच. ताब्याचा हुकूम मुळातच तात्पुरत्या स्वरूपाचा असतो, मुलाची गरज बदलली की तो बदलता येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच सांगून ठेवलंय.

आता हा मुद्दा खरा मानला की काय होतं ते सांगते. विडी वळणारी एक बाई. मुलगी बालवाडीत असताना महिना १,५०० रुपये लागू झाले. मुलगी अकरावीला गेली तरी १,५०० च. वडिलांचं दुकान मधल्या काळात दुप्पट झालं, क्लासची फी मात्र आईने पानसुपारीच्या पैशातून भरली. “मॅडम, वाढवून मागता येतं होय?” असं तिने मला विचारलं तेव्हा काय बोलावं ते सुचेना. अशा किती जणींनी एका चुकीच्या समजुतीपायी वर्षं घालवली असतील.

मात्र ‘परिस्थिती बदलली’ म्हणजे काय हे नीट समजून घ्या. महागाई, मुलाची शाळा बदलणं, आजारपण, पगार वाढणं, कारखाना बंद पडणं, बदली होणं, हे सगळं त्यात येतं. ‘मला तो निकाल तेव्हाच पटला नव्हता’ हे येत नाही. त्याला अपील म्हणतात, त्याची मुदत वेगळी, वाट वेगळी. अर्जात पहिल्याच पानावर जुना हुकूम कधीचा, तेव्हा काय होतं आणि आज काय आहे, हे शेजारी शेजारी दिसलं पाहिजे. निम्मे अर्ज इथेच लंगडे पडतात. सासूने काय टोमणा मारला याची चार पानं असतात आणि फीच्या पावत्या एकही नाहीत.

दर दोन-चार वर्षांनी कोर्टात यायचं नसेल तर पहिल्याच हुकमात वाढ मागून ठेवा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात पत्नीची पोटगी महिना ५० हजार केली आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ त्याच हुकमात लिहून टाकली. आकडा आपल्याकडच्या बहुतेकांच्या कामाचा नाही, पण पद्धत कामाची आहे.

दुसरा मुद्दा, संमतीचा घटस्फोट. इथे मेसेजात चिमूटभर खरं आहे, म्हणून तो जास्त पसरतो. नवरा-बायको आपसात काय सोडायचं, काय घ्यायचं हे ठरवतात, आणि एकरकमी घेऊन स्वतःचा सगळा हक्क सोडल्याचं लिहून दिलं असेल तर पुढे स्वतःसाठी मागणं अवघड जातं. अवघड म्हणते, अशक्य नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे याच्या जवळचं प्रकरण होतं, घटस्फोटाचं नव्हे पण तडजोडीचं. फौजदारी कोर्टात एकरकमी घेऊन तडजोड झाली होती, तरी हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याखालचा वेगळा दावा त्याने अडत नाही, असा निकाल लागला. मुलाचं तर निराळंच. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे. आईने कंटाळून ‘मला काही नको, फक्त सही करा’ म्हणत कोर्टात पुरसिस (लेखी निवेदन) दिली, म्हणून लेकराचा हक्क बुडत नाही. ताब्याबद्दल २०१० चा निकाल आहे. नवरा-बायकोने संमतीने घटस्फोट घेतला होता, मुलाबद्दलच्या अटीही ठरल्या होत्या. पुढे आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. बापाचं म्हणणं, ठरलं ते ठरलं. कोर्ट म्हणालं, संमतीने झालेली ताब्याची व्यवस्थाही मुलाच्या हितासाठी बदलता येते, आणि बापाच्या भेटीची सोय लावून मुलाला आईबरोबर जाऊ दिलं.

आपल्याकडे ऑस्ट्रेलिया कमी, पुणे जास्त. बाप हडपसरला नोकरीला लागतो आणि हुकमात ‘दर दुसऱ्या रविवारी सोलापूर कोर्टाच्या आवारात दोन तास’ असं लिहिलेलं असतं. हुतात्मा एक्स्प्रेसचा तो दोन महिने पासधारक होतो, तिसऱ्या महिन्यात रविवार चुकतो, चौथ्यात भांडण. हा बदल कोर्टाकडून करून घेता येतो. महिन्यातून एकदा दोन पूर्ण दिवस, मे महिन्याच्या सुट्टीतला निम्मा वाटा, मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल. ज्याच्याकडे मूल राहत नाही त्या पालकाला असा फोनवरचा संपर्क मिळावा, असं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय. आणि एक फुकटचा सल्ला : दिवाळी आणि मे महिना सगळेच लिहितात, सोलापुरात संक्रांतीची गड्डा यात्राही लिहून घ्या. सिद्धेश्वराच्या यात्रेत पोराला पाळण्यात कोणी बसवायचं यावरून मी दोन सुशिक्षित घरांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय.

तिसरा मुद्दा मुद्दाम शेवटाला ठेवते.

चौथा, दुसऱ्या लग्नाचा. नवऱ्याने दुसरा संसार थाटला म्हणून पहिला हिशेब पुसला जात नाही. २०१७ चं प्रकरण बघा. पोटगी १६ हजार होती, हायकोर्टाने ती २३ हजार केली. नवरा सुप्रीम कोर्टात गेला : दुसरं लग्न झालंय, मूल झालंय. कोर्टाने ते विचारात घेतलं आणि २३ चे २० हजार केले. शून्य नाही केले. निव्वळ पगाराच्या २५ टक्क्यांची जी चर्चा सगळीकडे चालते ती याच निकालातली. तो पक्का दर नाही, अंदाजाची पट्टी आहे.

बायकोने पुन्हा लग्न केलं तर तिच्या स्वतःच्या पोटगीचा विषय बदलतो हे बरोबर. फौजदारी पोटगी लग्नाच्या तारखेपासून रद्द होते, हिंदू विवाह कायद्यात कोर्ट ती बदलू किंवा रद्द करू शकतं. पण दोन्हीकडे कोर्टासमोर अर्ज येऊन हुकूम व्हावा लागतो, आणि मुलाचा हिस्सा याने जात नाही. आईने लग्न केलं एवढ्याच कारणाने ताबा काढता येत नाही, हेही २००६ पासून स्पष्ट आहे. घरात आलेला नवा माणूस कसा आहे, मूल तिथे रुळलंय का, हे कोर्ट जरूर बघतं. बापाच्या दुसऱ्या लग्नानंतरही तेच बघतं, पण ते मेसेजात कशाला लिहिलं असेल?

पाचवा मुद्दा वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण यात दोन्ही बाजूंना लेकराला तारण ठेवायला शिकवलंय. पोटगी आणि भेट हे दोन वेगळे हुकूम आहेत. एक मोडला म्हणून दुसरा मोडायची मुभा मिळत नाही. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज आहे. फौजदारी हुकमात वॉरंट निघतं, आणि तरी दिले नाहीत तर थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली की देणं फिटलं असंही नाही, रक्कम उभीच राहते. बायकांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवा : या मार्गाने थकबाकी मागायची तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज पडला पाहिजे. ‘देईल की दिवाळीनंतर’ म्हणत दोन दिवाळ्या घालवू नका. बापाला भेट नाकारली जात असेल तर त्यालाही कोर्टाकडे जाता येतं. सतत भेट अडवणाऱ्या पालकाबद्दल न्यायाधीशाचं मत काय होत असेल ते सांगायला नको.

सहावा मुद्दा पटकन. ९ वर्षांचा आकडा कुठल्याच कायद्यात नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्यात आहे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा म्हणतो, समजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. विचारात घेणं वेगळं आणि मुलाने निकाल देणं वेगळं. न्यायाधीश चेंबरमध्ये मुलाशी एकटं बोलतात. नवी सायकल कोणी घेऊन दिली ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

‘हे सगळं हिंदूंपुरतं’ असंही काहीजण या मेसेजखाली लिहितात. घटस्फोट झालेल्या मुस्लिम महिलेलाही फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०२४ ला पुन्हा सांगितलं. मुलांच्या पालकत्वाचा १८९० चा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. आणि वकिलाच्या खिशाबद्दल म्हणाल तर, महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यावा लागतो. फॅमिली कोर्टात स्वतः उभं राहूनही बाजू मांडता येते.

आता तिसरा, ‘नोकरी गेली की आपोआप बंद’. त्या कामगाराकडे परत येऊ.

अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये तो चादरीच्या मागावर होता. घटस्फोटाच्या निकालात मुलीसाठी महिना ६,००० ठरले होते. शेड बंद पडली. हे त्याचं खोटं नव्हतं, गावात माग भंगारात जाताना आपण बघतोच आहोत. त्याच आठवड्यात त्याने अर्ज केला असता तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं : मालकाचं पत्र, आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या बंद झालेल्या, बँकेचं पासबुक, नंतर मिळालेल्या हमालीच्या कामाची मजुरी. २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावंच लागतं, त्यात हे सगळं बसलं असतं. ‘काम नाही’ एवढं म्हणून भागत नाही हे खरं. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना बायको-मुलांना पोसावं, असं २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. पण कमाई खरोखर निम्म्यावर आली असेल तर रक्कम कमी करून मागायचा हक्क त्याला होता. त्याने मेसेज वाचला आणि पैसे थांबवले. १४ महिने. ८४ हजार रुपये. त्याचा हुकूम विवाह कायद्याखालचा, त्यामुळे एक वर्षाच्या त्या मुदतीचाही त्याला फायदा नाही.

मी विचारलं, “मुलीच्या आईला फोन करून सांगितलंस का, की शेड बंद पडली?”

“नाही मॅडम. बंद झाली म्हटल्यावर आपोआप...”

रक्कम कमी करण्याचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात दाखल केला. त्यावर तारखा पडतायत. दरखास्तीत दर महिन्याला जमेल तसा हप्ता भरायची तयारी त्याने लिहून दिली, पहिले ३,००० त्याच दिवशी भरले. मागच्या ८४ हजारांबद्दल मी त्याला काहीही आशा दाखवली नाही. जाताना त्याने तो मेसेज डिलीट केला आणि विचारलं, “ज्यांना मी पाठवला त्यांचं काय करू?” म्हणून हे लिहिलं.