तुम्ही एलिजिबल नाही आहात, सर

न मागितलेलं कर्ज मला परवा नाकारण्यात आलं. तेही दाताच्या दवाखान्यात, स्पीकरवर, चारचौघांच्या देखत.

दाढ काढायची होती. डॉक्टरांनी हिरडीत इंजेक्शन टोचलं आणि "बधिर होईपर्यंत बाहेर बसा" म्हणून मला घालवून दिलं. बाहेर टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. साधा दहा आकडी नंबर. एरवी उचलला नसता, पण त्या दिवशी एक पार्सल यायचं होतं आणि पार्सलवाली मुलंही असल्याच नंबरांवरून फोन करतात.

"नमस्कार सर, अभिनंदन! तुमचं पर्सनल लोन प्री-अप्रूव्ह झालंय. दोन मिनिटं बोलू शकतो का?"

बोलू शकत नव्हतो. अर्धी जीभ झोपली होती. मी "नको" म्हणालो, ते तोंडातून "होखो" असं बाहेर पडलं.

"ओके सर! थँक्यू सर!" मुलगी हरखलीच. इतक्या झटपट होकार देणारा माणूस तिला त्या दिवशी दुसरा भेटला नसावा. मी पुन्हा जीव काढून "नको, नको" म्हणालो. होखो, होखो. बाहेर लाळ आली, अर्थ आला नाही.

शेजारी एक काका बसले होते. गालाला मफलर, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी. पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवण्यात गेली असावीत, अशी चेहऱ्यावर कळा. ते म्हणाले, "इंजेक्शन दिलंय ना? मग बोलू नका. आणा इकडे." आणि माझ्या हातातून फोन घेतलासुद्धा. मला बरं वाटलं. आता हा माणूस तिला झापणार आणि विषय संपणार.

काकांनी चष्मा लावला, फोन लांब धरून न्याहाळला आणि स्पीकर चालू केला.

"हां, बोला. मी त्यांच्या वतीनं बोलतोय. व्याज किती?"

"सर, अगदी अ‍ॅट्रॅक्टिव्ह रेट आहे."

"अ‍ॅट्रॅक्टिव्ह ते आम्ही ठरवू. फ्लॅट की रिड्यूसिंग?"

मुलगी गडबडली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मासिक मिटलं. काकांनी मग सगळ्यांनाच समजावून सांगितलं की फ्लॅटमध्ये मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज लावतात, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी. आकडा छोटा दिसतो आणि माणूस फसतो. हे अगदी खरं आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी मी ते आदरानं ऐकलं असतं. त्या वेळी मी हातानं फोन ठेवण्याची खूण करत होतो. काकांनी तिचा अर्थ "घाई करा" असा घेतला.

"हां, मग प्रोसेसिंग फी? मुदतीआधी फेडलं तर दंड?"

"सर, आधी प्रोफाइल चेक करावं लागेल. मंथली इन्कम काय आहे?"

काका माझ्याकडे वळले. "पगार किती हो तुमचा?"

दवाखाना शांत झाला. आतलं ड्रिलसुद्धा थांबलं. मी मान हलवली. काकांनी मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, बुटांवर नजर थोडी रेंगाळली, आणि ते फोनमध्ये म्हणाले, "फार नसावा."

"अंदाजे सर?"

काकांनी एक आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही. इतकंच सांगतो की समोरच्या बाईंनी "अरेरे" म्हटलं.

"वय?"

"पन्नाशी उलटलीय." नाही उलटलेली! मी बोटं दाखवून खरं वय सांगू लागलो, तर काका म्हणाले, "असू द्या असू द्या, आता त्याला काय करणार."

"सर, दुसरं काही लोन चालू आहे का?"

"चालू असणार. चेहऱ्यावरून वाटतं."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग मुलीचा आवाज बदलला. आतापर्यंत त्यात सणासुदीची झालर होती, ती गेली. "सॉरी, तुम्ही एलिजिबल नाही आहात, सर."

इथे कोणीही सुटकेचा श्वास सोडला असता. काकांना मात्र हे मानवेना. ते फोन तोंडाजवळ घेऊन गयावया करू लागले. "अहो, असं नका करू. बघा ना थोडं कमी-जास्त करून. माणूस चांगला आहे. आता बोलता येत नाही त्याला, नाही तर त्यानंच सांगितलं असतं." समोरच्या बाईंनी सुचवलं की सोनं तारण ठेवून होत असेल तर विचारा. दारापाशी उभ्या असलेल्या एका मुलानं जामीनदार चालतो का असं विचारलं. तो स्वतः जामीन राहायला तयार होता की नुसतं कुतूहल, ते कळलं नाही.

"सॉरी सर, सिस्टीम घेत नाहीये. पुढे काही ऑफर आली तर कॉल करू का?"

"करा की! बिनधास्त करा," काका म्हणाले. तिनं फोन ठेवला. काकांनी तो माझ्या हातात देऊन माझा हात वरून थोपटला. "मनाला लावून घेऊ नका. सहा महिन्यांनी पुन्हा ट्राय करायचं."

आता लोक म्हणतात, डीएनडी लाव ना, जाहिरातींचे फोन बंद होतात. अहो, लावलेलं आहे! 2007 साली देशात 'कॉल करू नका'ची यादी निघाली, तेव्हा नाव नोंदवल्यावर ते लागू व्हायला 45 दिवस लागायचे. तेवढे दिवस वाट पाहणाऱ्या पिढीतला मी. आजही 1909 वर 'स्टार्ट 0' असा मेसेज पाठवला की सगळं बंद होतं, असं कागदोपत्री आहे. सगळं बंद नको असेल तर प्रकार निवडायची सोय आहे: बँका आणि विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, वस्तू आणि वाहनं, करमणूक-आयटी, पर्यटन, पुढे खाद्यपेयांचीही भर पडली. ही यादी वाचली की मी एका माणसाची कल्पना करतो, जो शांतपणे विचार करून ठरवतो की आरोग्याचे फोन नकोत, पण दुपारी झोप लागता लागता प्लॉटचे येऊ द्यावेत. हा माणूस कुठे राहतो? त्याच्या एकट्यासाठी एवढा मेनू छापलाय.

या छळाची सरकारदरबारी दखल कशी घेतली गेली, तो किस्सा मला फार आवडतो. ऑगस्ट 2010 मध्ये तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी महागाईच्या प्रश्नावर विरोधी पक्षाच्या नेत्यांशी बोलत बसले होते. फोन आला. महत्त्वाचा असेल म्हणून त्यांनी घेतला, तर पलीकडून गृहकर्ज हवंय का अशी विचारणा. आत्ता नको, मी मीटिंगमध्ये आहे, असं सांगून त्यांनी ठेवला. बातमी झाली, दूरसंचार खात्याची पळापळ झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम आले. पूर्वी मी हा किस्सा हसून सांगायचो. आता एक गोष्ट खुपते. अख्ख्या देशाची वित्तीय तूट ज्यांच्या नावावर होती त्यांना ती माणसं कर्ज द्यायला तयार होती. मी अपात्र!

तर त्या नव्या नियमांत एक हुशारी होती. टेलिमार्केटिंगवाल्यांना 140 पासून सुरू होणारे नंबर द्यायचे, म्हणजे लोकांना ते ओळखता येतील. लोकांनी ओळखले. उचलणं बंद केलं. झालं, धंदा उठून साध्या दहा आकडी नंबरांवर गेला. ज्यांनी रीतसर नोंदणी केली, फी भरली, यादी तपासून फोन लावला, ते सज्जन 140 वर बसून माश्या मारतायत. आणि ज्यांनी यादी कधी डोळ्यांनी पाहिली नाही त्यांच्यापासून यादी मला वाचवणार आहे. मग 2018 मध्ये नवे नियम आले, सगळा कारभार ब्लॉकचेनवर गेला. कोण पाठवणार, काय पाठवणार, कोणाची संमती, सगळ्याची नोंद. म्हणजे माझा नकार आता अशा जागी कोरलेला आहे की तो कोणी खोडू शकत नाही. कोणी वाचतही नाही, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेत 2003 साली अशी यादी निघाली तेव्हा टेलिमार्केटिंगवाल्यांची संघटना थेट कोर्टात गेली होती. तिथल्या एका विनोदी स्तंभलेखकानं मग एवढंच केलं की त्या संघटनेच्या कार्यालयाचा फोन नंबर आपल्या लेखात छापला. वाचकांनी इतके फोन केले की संघटनेनं फोन उचलणं बंद केलं आणि वर तक्रार केली की आमच्या कामात व्यत्यय येतोय. मला त्या लेखकाचा हेवा वाटतो. मला फोन करणाऱ्यांना परत फोन लावला तर 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं. आणि त्या यादीतून तिथे राजकीय पक्षांना सूट आहे. कायदा कोणी केला हे वेगळं सांगायला नको.

मी तक्रार केली. इथेही गंमत बघा, सगळी कामं माझीच. फोन त्यांनी करायचा. नंबर, तारीख आणि काय बोलणं झालं ते मी लिहून कळवायचं. पूर्वी त्याला तीन दिवसांची मुदत होती. फेब्रुवारी 2025 पासून ती सात दिवस झाली आहे, म्हणजे मला छळ आठवायला आणखी चार दिवस मिळाले. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तर कारवाई सुरू होते. म्हणजे आणखी चौघांना त्याच नंबरानं, त्याच दहा दिवसांत, इतकं पिडलं पाहिजे की तेही कामधंदा सोडून मेसेज लिहायला बसतील. पहिल्या गुन्ह्याला बाहेर फोन करण्याची सोय 15 दिवस बंद. तेवढ्यात दुसरं सिम घेता येतं.

उत्तर आलं. संबंधित कंपनीच्या म्हणण्यानुसार ग्राहकानं पुढील कॉलसाठी संमती दिली असल्यानं तक्रार बंद करण्यात येत आहे. ग्राहकानं म्हणजे काकांनी. नियमाप्रमाणे स्पष्ट संमती असेल तर डीएनडी लावूनही फोन करता येतो. पण संमती देणाऱ्याच्या तोंडात जीभ त्याची स्वतःची असली पाहिजे, असं कुठेच लिहिलेलं नाही. आणि संमती घेण्यासाठी केलेला तो पहिला फोन कोणत्या संमतीनं केला होता, हे मी विचारलं, तर त्याला उत्तर नाही. तक्रार बंद आहे ना!

अशा वेळी त्या मुलीची कीव येते असं म्हणायची पद्धत आहे. तिचं टार्गेट, तिचा सुपरवायझर, तिला दिवसभर खाव्या लागणाऱ्या शिव्या. मला कीव आली नाही. तिनं मला नाकारलंय.

तेव्हापासून फोन वाढले. कर्जाचे नाहीत, ते बहुतेक माझ्या नावापुढे फुली मारून मोकळे झाले. आता 'क्रेडिट स्कोअर सुधारून देतो' म्हणणाऱ्यांचे येतात. म्हणजे आतल्या आत बोलणं झालेलं आहे. एकजण तर सहानुभूतीच्या सुरात "सर, आम्हाला तुमची परिस्थिती माहीत आहे" असं म्हणाला. माझी परिस्थिती! घरच्यांनाही जी नीट माहीत नाही ती.

म्हणून मी आता अनोळखी फोन उचलतो, पण आधी बोलत नाही. यामागे शास्त्र आहे. मोठ्या कॉल सेंटरांत मशीन एका वेळी हातात असलेल्या माणसांपेक्षा जास्त नंबर फिरवतं आणि पलीकडून 'हॅलो' ऐकू आलं की मगच आपल्याला कोणाच्या तरी गळ्यात बांधतं. हॅलोच नाही तर गळाही नाही. पद्धत चालते. तिच्यापायी बँकेतला खराखुरा फोन, मेहुण्याचा नव्या नंबरवरचा फोन आणि ते पार्सल, तिन्ही गेली. मेहुणा अजून बोलत नाही, म्हणजे तोही आता मशीनसारखाच वागतोय. बँकांच्या खऱ्या फोनसाठी आता 1600 पासून सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत म्हणे. मेहुण्यांसाठी काही ठरवलेलं नाही.

काल स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. शेजाऱ्यांनी त्यांच्या प्लंबरचा नंबर दिला. फोन लावला. उचलला गेला, पण पलीकडून आवाज नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं, नाव सांगितलं, शेजाऱ्यांचा हवाला दिला, आणि हल्ली सवयच लागल्यामुळे जरा गोड आवाजात विचारलं, "दोन मिनिटं बोलू शकतो का?"

"लोन नको," प्लंबर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो लागतच नाही. ब्लॉक केलेलं दिसतंय.