चार हात, चारही डावे

चौदा महिन्यांपूर्वी प्री-ऑर्डर केलेली फिगर, म्हणजे हौशी लोक जमवतात ती हातपाय हलणारी बाहुली, परवा एकदाची आली. सहा इंची, म्हणजे १:१२ प्रमाणातला तलवारबाज. सोबत चार सुटे हात: दोन मुठी, दोन तलवार धरायचे. चारही डावे. गिऱ्हाइकांत कंपनी उजवं-डावं करत नाही म्हणतात, ते हे असं.

तक्रार केली. उत्तर आलं, फोटो पाठवा. पाठवला. पुन्हा उत्तर, फोटो पाठवा. वैतागून खोकं उचललं आणि कोल्हापुरातल्या मूर्तिकारांच्या वस्तीत, बापट कॅम्पात गेलो. कुंभारमामा बिनसोंडेच्या बाप्पांमध्ये बसले होते.

"ह्यो कोन म्हनायचा?"

"तलवारबाज."

"तलवार कुठल्या हातात धरतोय?"

"उजव्या."

"मग उजवा कुठाय?"

"मामा, त्यासाठीच आलोय."

मामांनी चारही हात तळहातावर पसरले, तांदळातले खडे बघावेत तसे बघितले आणि आत हाक मारली, "अगं ए, भाईर ये, गंमत बघ!" मामी आल्या, सून आली, शेजारचा रंगारी ब्रश घेऊनच आला.

"कितीला पडला?"

मी आकडा जमेल तेवढा हळू सांगितला.

"आठ हजार!" हे मामांनी गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं. "एवढ्यात आमी तुमास्नी झकास गनपती दिला असता की. त्यालाबी चारच हात. आजवर एक चुकला न्हाई. वर उंदीर फुकट!"

मी जकातीचं सांगायला गेलो. खेळण्यांवरची आयात जकात २०२० ला २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ ला ७०.

"म्हंजे डाव्या हातांवरबी जकात भरलीसा?"

भरली. चारही हातांवर भरली.

या धंद्याची खोड जुनीच. १९७७ च्या नाताळाला स्टार वॉर्स सिनेमाच्या बाहुल्या तयार झाल्या नाहीत, तर केनर या अमेरिकी खेळण्यांच्या कंपनीने पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत कूपन, बाहुल्या पुढच्या वर्षी पोस्टाने. निदान आत बाहुली नाही हे त्यांनी आधी सांगितलं होतं. आमच्या कंपनीच्या तक्रारीच्या फॉर्मवर देशांची यादी आहे, तिच्यात भारत नाही. मी दर वेळी सिंगापूर निवडतो. पैसे घ्यायच्या यादीत मात्र भारत आहे, तोही ठळक. हसत सांगतोय, पण त्या यादीपाशी माझं डोकं खरंच फिरतं.

असो. मामांनी रात्रीत शाडूचा उजवा हात करून दिला. पैसे घेतले नाहीत. रंग हुबेहूब, बोटं नाजूक, फक्त तळवा समोर करून आशीर्वाद देणारा. "तलवारीचा हात आमच्या हाताला येत न्हाई बघा," म्हणाले. आता तलवारबाज कपाटावर उभा आहे. आईने पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे जास्वंद ठेवलं.

आज सकाळी कंपनीचा मेल आला, नवा फोटो पाठवा. होता तसा काढून पाठवला. संध्याकाळी उत्तर: फोटोत उजवा हात व्यवस्थित दिसतो आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.