पालवी पावसाआधीच फुटते

ईस्टरवरच्या (येशूच्या पुनरुत्थानाच्या सणावरच्या) एका लेखात या सणाचा वसंत बर्फ वितळण्याशी जोडलाय. आपल्या बेळगाव-खानापूर भागात तो वेगळा दिसतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात, पावसाला दोन महिने अवकाश असताना, कुसुंबाच्या झाडाला लालभडक पालवी फुटते. पुनरुत्थानाची आशा समजायला मला हेच जवळचं वाटतं.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण विधीत मात्र घाई नडते. पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करू नये, नाहीतर सुरुवातीला पेटवायच्या नव्या अग्नीला अर्थच उरत नाही. त्या अग्नीवर पेटवायच्या पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, आल्फा-ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं नि शेवटचं अक्षर), चालू वर्षाचे चार अंक आणि धुपाचे पाच खडे, म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा. वात आधी एकदा पेटवून विझवून ठेवा. कोरी वात वाऱ्यात लवकर धरत नाही. आणि तिची ज्योत एका मेणबत्तीवरून दुसरीला पुढे देताना पेटती मेणबत्ती सरळच धरा, न पेटलेली तिच्यावर झुकवा, म्हणजे मेण हातावर सांडत नाही.