फुटपाथवर खुर्च्या टाकायच्यात? आधी जरा बसून घ्या

अभिनंदन! मुंबईत कुठल्याही साखळीचा नसलेला, एका शटरचा, अकरा टेबलांचा परमिट रूम चालवूनही तुमची हौस फिटलेली नाही. आता तुम्हाला दाराबाहेरच्या फुटपाथवर दोन टेबलं आणि चार खुर्च्या टाकायच्या आहेत, आणि त्याही रीतसर परवानगी काढून. हे शेवटचे तीन शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. फक्त गल्ल्यावर वडील बसले असतील तर त्यांच्यासमोर नको. त्यांनी या धंद्यात चाळीस वर्षं काढली आहेत, त्यांना धक्का सहन होणार नाही.

तरीही ठरलंच असेल, तर थोडं मार्गदर्शन करतो.

सगळ्यात आधी, ही कल्पना तुम्हाला कुठे सुचली हे कुणाला सांगू नका. लेकीकडे लंडनला गेला होतात, तिथल्या पबबाहेर माणसं उन्हात ग्लास घेऊन बसलेली पाहिलीत आणि हुरळलात, हे आम्हाला कळतं. इंग्लंडात २०२० साली, करोनामुळे आतली टेबलं ओस पडली तेव्हा, फुटपाथवर गिऱ्हाईक बसवण्याचा झटपट परवाना निघाला आणि २०२३ च्या कायद्याने तो कायमचा झाला. फी नव्या अर्जाला जास्तीत जास्त ५०० पौंड, नूतनीकरणाला ३५०. अर्ज आला की १४ दिवस लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि पुढच्या १४ दिवसांत निर्णय द्यायचा. तेवढ्या मुदतीत कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, काहीच कळवलं नाही, तर परवाना मिळाला असं धरायचं. हे वॉर्ड ऑफिसात चुकूनही बोलू नका. आपल्याकडे पालिका गप्प बसली याचा अर्थ पालिका गप्प बसली, एवढाच असतो.

आता तुम्ही नेमके कोण आहात ते समजून घ्या. तुम्हाला वाटतं तुम्ही बार चालवता. कायद्याचं म्हणणं वेगळं आहे. महाराष्ट्रात दारूबाबत जो कायदा चालतो तो १९४९ चा दारूबंदी कायदा. म्हणजे दारू बंदच आहे. तुम्ही अपवाद आहात, तुमचं गिऱ्हाईक हा त्याहून मोठा अपवाद आहे. त्याच्याकडे पिण्याचा परवाना हवा: एका दिवसाचा विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. बिअरला वय २१, व्हिस्कीला २५. आणि हा परवाना कशासाठी, तर प्रकृती सांभाळण्यासाठी. चौथा पेग मागवून वेटरला ‘भाऊ’वरून ‘राजा’ म्हणायला लागलेला गृहस्थ हा सरकारदरबारी औषध घेत बसलेला आजारी माणूस आहे. आता मला सांगा, पेशंटला कुणी फुटपाथवर बसवतं का?

म्हणून तर परमिट रूमची काच काळी, दार जड आणि दिवा मंद. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत शेजारच्या टेबलावर आपला भाऊजी आहे की आपला साहेब, हे कळत नाही, आणि तीच सोय आहे. तुम्ही मात्र त्या भाऊजीला बाहेर आणून, रस्त्यावरच्या दिव्याखाली, बसस्टॉपच्या रांगेसमोर बसवायला निघालात. सरकारचं सोडा, भाऊजीच येणार नाही.

सरकारला तुम्ही नको आहात असा गैरसमज करून घेऊ नका. तुम्ही फार हवे आहात. परमिट रूमवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, २०२५-२६ ला परवाना फी १५ टक्क्यांनी वाढली, वर उत्पादन शुल्कही वाढलं. त्यावर राज्यभरातल्या बारवाल्यांनी १४ जुलै २०२५ ला बंद पाळला आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडून पुन्हा कर भरायला बसले. तुम्ही हवे आहात, फक्त दिसायला नको आहात. पंचतारांकित हॉटेलात तरणतलावाच्या काठी, उघड्या आभाळाखाली बसून पिण्याला संस्कृती म्हणतात. तेच आभाळ तुमच्या फुटपाथवर आलं की त्याला कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणतात.

आता अर्जाकडे वळू. त्याआधी टेप घेऊन फुटपाथ मोजा. भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत समजा आठ फूट भरला, म्हणजे २.४४ मीटर. रस्ते कसे बांधावेत याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी ठेवायला सांगितली आहे. उरले ६४ सेंटिमीटर. तुमचं टेबल ६० चं. बसलं! फक्त टेबलापाशी माणूस बसत नाही, पण सगळंच कसं मिळणार?

ही १.८ मीटरची रुंदी म्हणजे मोठी लाजाळू वस्तू आहे. एरवी ती कुणाला दिसत नाही. तुमच्याच दारासमोर बघा ना. एका बाजूला झाडाचं सिमेंटने आवळलेलं आळं, त्याला लागून विजेची पेटी, पेटीला टेकलेला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यापुढे तिरक्या लावलेल्या पाच बाइक, आणि मधोमध तो एक सुटा पेव्हर ब्लॉक, ज्यावर पावसाळ्यात पाय पडला की खालचं पाणी थेट गुडघ्यापर्यंत येतं. शाळेतून मुलाला आणणारी बाई इथे पोहोचली की मुलाचा हात घट्ट धरते, मागे वळून बस येतेय का बघते आणि रस्त्यावर उतरते. रोज. यातल्या एकानेही कधी १.८ मीटर सोडलेले नाहीत, कारण यातल्या एकानेही कधी अर्ज केलेला नाही. तुम्ही अर्ज टाकलात की ते १.८ मीटर खडबडून जागे होतील आणि तुमच्याकडे येतील.

(न्यायालयांचं म्हणाल, तर ती चालणाऱ्याच्याच बाजूने आहेत, आणि ते योग्यच आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याच्या आधीच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं होतं की पंतप्रधान किंवा बडे पाहुणे येतात तेव्हा रस्ते-फुटपाथ एका दिवसात मोकळे होतात, मग ते रोज बाकीच्यांसाठी का होत नाहीत. प्रश्न सोपा होता. असे प्रश्न अवघड जातात.)

अर्ज कुठे द्यायचा? वॉर्ड ऑफिसात. वॉर्ड ऑफिसात कुठे? इथे खरी मजा सुरू होते. लायसन्स खातं म्हणेल, फुटपाथ आमच्याकडे नाही, मेंटेनन्सला विचारा. मेंटेनन्स म्हणेल, आम्ही फुटपाथ बांधतो, भाड्याने देत नाही. आरोग्य खातं म्हणेल, तुमचा पालिका कायद्याच्या कलम ३९४ खालचा खाद्यगृहाचा परवाना आतल्या जागेचा आहे, बाहेर धूळ असते. अतिक्रमण खातं काहीच म्हणणार नाही, फक्त तुमचा पत्ता लिहून घेईल. १८८८ च्या पालिका कायद्यातलं कलम ३१४ त्यांना पाठ असतं. त्याखाली रस्त्यावरची वस्तू नोटिशीशिवाय उचलता येते. गाडी कधी पाठवायची, एवढंच त्यांना ठरवायचं असतं, आणि पत्ता तुम्ही स्वतः टाइप करून, सही-शिक्क्यानिशी दिलेला आहे.

यातून एखादा भला क्लार्क भेटला, ज्याला खरंच मदत करायची आहे, तर तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणेल, “देऊ हो परवानगी. पण फी कुठल्या हेडखाली घेऊ?” तुम्ही पैसे हातात घेऊन उभे, तो घ्यायला तयार, आणि मध्ये हेड, म्हणजे ती रक्कम जमा करायचा हिशेबातला रकाना, नाही. ज्या कामाला हेड नाही ते काम या शहरात अस्तित्वात नाही. त्याला धन्यवाद द्या, इनवर्ड नंबर घ्या आणि पोचपावतीच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा. एक उत्पादन शुल्कवाल्यांना लागेल.

कारण दारू द्यायची तर ती परमिट रूमच्या एफएल-३ परवान्याच्या मंजूर नकाशातच. नकाशाबाहेर ग्लास गेला की तुम्ही गेलात. म्हणजे नकाशा वाढवून घ्यायला हवा. ते म्हणतील, वाढीव जागा तुमच्या ताब्यात असल्याचं पालिकेचं पत्र आणा. पालिका म्हणेल, दारू चालणार असल्याचं उत्पादन शुल्कचं पत्र आणा, मग बघू. दोन्ही पत्रं एकमेकांची वाट बघत बसतील. वाट बघण्याला वयाची अट नाही, परवानाही लागत नाही.

या मधल्या काळात संध्याकाळी सात वाजता शेजारच्या वाइन शॉपसमोर जाऊन उभे राहा. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक, भोकासमोर वीस जणांची झुंड. नोट आत जाते, काळ्या पिशवीत क्वार्टर बाहेर येते. बाजूच्या टपरीवर प्लास्टिकचे ग्लास, पाण्याची बाटली आणि मूगडाळीची पुडी तयारच असते. मंडळी चार पावलं पुढे जातात आणि त्याच विजेच्या पेटीवर ग्लास मांडतात. पेटीची उंची कुणा आर्किटेक्टने काढल्यासारखी अचूक. मग उभ्याउभ्या अर्ध्या तासात क्वार्टर संपते, ग्लास झाडाच्या आळ्यात पडतो आणि माणूस घरी जातो. दुकानदाराकडे फक्त विक्रीचा परवाना आहे, तो तिथे कुणाला पाजत नाही. टपरीवाला ग्लास विकतो, तो कशासाठी हे त्याने विचारायचं नसतं. पोलीस कधीतरी येतात, झुंड दहा मिनिटं पांगते. थोडक्यात, मुंबईत फुटपाथवरचा बार आहे, रोज भरतो, फक्त त्याला मालक नाही, खुर्ची नाही, मुतारी नाही आणि बिल नाही. तुमची घोडचूक अशी की तुम्हाला या चारही गोष्टी द्यायच्या आहेत.

म्हणून परवानगीचा नाद सोडणार असाल तर काही जुने, सिद्ध मार्ग आहेत. पावसाळी शेड घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पालिका ती तात्पुरती देते. दसऱ्याला ती काढायची असते. कुठल्या वर्षीच्या, हे आजूबाजूच्या दुकानांकडे बघून ठरवा. शेड झाली की खाली कुंड्या ठेवा. कुंड्यांना कुणी हात लावत नाही, उलट सुशोभीकरणाबद्दल नगरसेवकाच्या हस्ते शाल मिळू शकते. दोन कुंड्यांमध्ये जे अंतर राहील तेवढीच खुर्ची असते, हे निरीक्षण मी नोंदवून ठेवतो. फ्लेक्स लावायचा तर ज्या नेत्याचं ऊन सध्या कडक आहे त्याचाच लावा आणि निवडणूक लागली की सकाळी उठून आधी वर्तमानपत्र वाचा, नेता कुठल्या पक्षात आहे ते बघायला. एक छोटी घुमटी बांधून शेंदूर फासण्याचा सल्लाही तुम्हाला बरेच जण देतील. फुटपाथसाठी तो उपाय रामबाण आहे, पण तुमच्या बाबतीत घात करेल. देवस्थानापासून बार ठरावीक अंतरावर असावा लागतो. खुर्ची वाचेल आणि परवाना जाईल.

अंतरावरून आठवलं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, तेव्हा बारवाल्यांनी काय-काय केलं ते अभ्यासण्यासारखं आहे. केरळात एका बारने फाटकापासून दारापर्यंत भिंतींचा चक्रव्यूह उभारला, म्हणजे चालायचं अंतर वाढलं आणि बार होता तिथेच राहिला. काही राज्य सरकारांनी त्याहून सोपं केलं: शहरातून जाणाऱ्या महामार्गाचा महामार्ग हा दर्जाच काढून घेतला. बार हलत नसेल तर रस्ता हलवायचा. तुम्ही इतके मोठे नाही, पण तुमच्या समोरच्या फुटपाथला कुणीतरी कागदावर ‘सोसायटीची पुढची मोकळी जागा’ म्हणेल का, एवढी चौकशी करायला हरकत नाही. इमारतीचा मूळ नकाशा कुणालाच सापडत नसेल, तर तुमचं नशीब थोर.

यातलं काहीही न करता सरळ मार्गानेच जायचा हट्ट असेल, तर एक दिवस पाहणीला साहेब येतील. दुपारी चारच्या सुमारास, सोबत एक शिपाई आणि कापडी टेप. त्यांना आत न्यायला जाल, तर ते नको म्हणतील. परमिट रूममध्ये बसलेलं कुणी पाहिलं तर उगाच चर्चा. तेव्हा आतली एक खुर्ची पटकन बाहेर आणा आणि शेडच्या सावलीत, कुंडीशेजारी ठेवा. हातात फ्रेश लाइम सोडा द्या, खारा. एसी नाही, काळोख नाही, समोरून वारा येतोय. साहेब पाय लांब करतील, “बाहेर बरं वाटतं हो,” असंही म्हणतील. मग फाईल मांडीवर घेऊन लिहायला लागतील: प्रत्यक्ष जागेची पाहणी केली असता सदर ठिकाणी खुर्ची ठेवण्यास वाव असल्याचे दिसून येत नाही.

सोड्याचे पैसे मागू नका.