चंद्रावर कोणी गेलंच नाही, हे घरबसल्या कसं सिद्ध करावं

राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत मुलांचे तक्ते, रॉकेटची मॉडेल्स आणि एक व्याख्यान असा बेत होता. व्याख्याते ट्रॅफिकमध्ये अडकले. (कुठे, ते सांगायला नको.) मग माइक एका काकांनी घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्यातून मला जे ज्ञान झालं, ते तुमच्यापासून लपवणं बरं दिसत नाही.

सुरुवात 'मी काही शास्त्रज्ञ नाही, पण' अशी करा. या 'पण'च्या पुढे काहीही खपतं.

मग अमेरिकेने चंद्रावर रोवलेला झेंडा काढा. 'हवा नाही, तर फडकला कसा?' असं विचारा आणि सावकाश पाणी प्या. तेवढ्यात कुणी म्हणालंच, की झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती, माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या अपोलो ११ च्या वेळी ती पूर्ण उघडली नाही आणि कापडाला पडलेल्या चुण्या फडकल्यासारख्या दिसतात, तर त्याच्याकडे दयेने बघा.

फोटोत तारे का नाहीत, हेही विचारा. फक्त रात्री तलावपाळीवर दिव्याखाली बायकोचा फोटो काढून मागे तारे शोधू नका.

'स्टुडिओत शूटिंग केलं' हा मात्र हुकमाचा पत्ता. अपोलोच्या कामावर चार लाखांच्या आसपास माणसं राबली. ती सगळी पन्नासहून जास्त वर्षं तोंड मिटून बसली, असं आपण म्हणायचं. तेही अशा सोसायटीत, जिथे कमिटीच्या मीटिंगमधलं भांडण लिफ्ट खाली पोचायच्या आत वॉचमनला कळतं. चंद्रावर आधी पोचायला जिवाचं रान करणारा सोव्हिएत संघही म्हणे मुकाट बसला. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसं तिथे उतरली, ३८२ किलो दगडमाती आली, देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी ती तपासली. त्या प्रयोगशाळाही कटात! तिथे ठेवलेल्या आरशांवर आजही पृथ्वीवरून लेझर सोडतात, प्रकाश परत येतो, त्यावरूनच चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब सरकतोय हे मोजता येतं. बरं, अमेरिकेचं सोडा. आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरने अपोलो ११ च्या यानाचा तिथेच राहिलेला खालचा भाग टिपलाय. म्हणजे इस्रोही विकली गेली? २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा गेटवर पेढे वाटणारे हेच काका होते ना?

शेवटी 'पण मिळालं काय त्यातून?' हे यायलाच हवं. काकांनी हे वडापाव खाता खाता विचारलं. अहो, त्या वड्यातला बटाटा आणि बाजूची तळलेली मिरची, दोन्ही अमेरिका खंडातल्या. कुणीतरी जहाजं पाण्यात लोटली म्हणून त्या इथवर आल्या. मॅगेलन या दर्यावर्दीबरोबर १५१९ मध्ये पाच जहाजं निघाली. पृथ्वीप्रदक्षिणा करून १५२२ मध्ये परतलं एकच, त्यावर अठरा माणसं. मॅगेलन वाटेतच, फिलिपिन्समध्ये मारला गेला. पॅसिफिक ओलांडताना त्या लोकांनी जहाजावरचं चामडं समुद्रात भिजत घालून, निखाऱ्यावर भाजून खाल्लं. काकांना वड्यात मीठ कमी लागलं.

आता सल्ले बास. तक्त्यापाशी उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलीने विचारलं, "काका, मग ते आरसे कोणी ठेवले?" साधा, नेमका प्रश्न. काका म्हणाले, "बाळ, यूट्यूब बघ जरा, मोठी झालीस की कळेल." आणि अख्खा हॉल हसला. कशाला हसलात? त्यात दोन इंजिनिअर होते, एक निवृत्त विज्ञान शिक्षिका होत्या. तुम्हाला उत्तर माहीत होतं, तरी काकांशी वाईटपणा नको म्हणून दात काढलेत. त्या पोरीने स्वतः वाचून, रंगवून तो तक्ता केला होता. कार्यक्रम संपायच्या आत तिने तो भिंतीवरून उतरवला. बी विंगमध्ये राहते ती. जा आणि सांगा तिला, की तिचं बरोबर होतं. लिफ्टमध्ये काका भेटले, तर त्यांच्यासमोर सांगा.