ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार माझ्या पडवीत कशी येणार?

गणपतीला गावी आलेल्या एका चाकरमान्याने वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला आणि दोन दिवसांत तो तालुकाभर फिरला. ‘गावात नेट नाही हे रडगाणं आता बंद करा’ असा मथळा. मजकूर थोडक्यात असा: सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर प्रत्येक ग्रामपंचायतीत आलं आहे, अर्ज केला की आठवड्यात घरात कनेक्शन. तोवर फाइव्हजी फोन घ्या. रेंज कमी असेल तर दीड-दोन हजारांचा बूस्टर लावा. तेही जमत नसेल तर स्टारलिंकचं उपग्रहावरून येणारं नेट आहेच. शेवटी हात जोडलेले आणि ‘आळस सोडा, गावाकडे चला’.

मी २०२० पासून दक्षिण रत्नागिरीतल्या एका वाडीत राहून मुंबईच्या ऑफिसचं काम करतो. घर गावठाणापासून अडीच किलोमीटर, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, खाली वहाळ. मेसेज पूर्ण खोटा असता तर हसून सोडून दिला असता. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबून माणसं जागा घेतात, घर बांधतात, मग मला फोन करतात.

भारतनेटचंच घ्या. योजना २०११ साली मंजूर झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. भारतनेट हे नाव २०१५ मधलं. उद्दिष्ट होतं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं. ग्रामपंचायतींपर्यंत, घरांपर्यंत नव्हे. कोकणात या फरकाला मोठा अर्थ आहे. आमच्याकडे गट ग्रामपंचायती आहेत, एका कार्यालयाखाली दोन-तीन महसुली गावं आणि पंधरा-वीस वाड्या. पंचायतीच्या कपाटात फायबरचा डबा लुकलुकतोय म्हणून सड्यापलीकडच्या धनगरवाडीत नेट आलं, असं म्हणणं म्हणजे धरण भरलं म्हणून नळाला पाणी आलं म्हणण्यासारखं.

त्यात पहिल्या टप्प्याची बांधणी तालुक्यापासून पंचायतीपर्यंत सरळ रेषेतली होती. मध्ये कुठे जेसीबीने तार तोडली की तिच्या पुढची सगळी गावं अंधारात. सरकारलाही हे कळलेलं आहे, म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालावी. त्याच कार्यक्रमात पंचायतीचं मुख्यालय नसलेल्या गावांना जोडणी ‘मागणीनुसार’ आहे. मागणी करायची असते हेच मुळात गावात कुणाला माहीत नसतं. मेसेजवाल्याने एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी त्याचे आभार मानले असते.

पंचायतीपासून घरापर्यंतची तार बहुतेक ठिकाणी स्थानिक केबलवाला ओढतो, विजेच्या खांबांवरून, आंब्या-फणसांतून. त्यात तंत्र म्हणून काही अडत नाही. केबलवाल्याच्या एका यंत्रापासून फायबरमधून वीस किलोमीटरपर्यंत प्रकाश जातो, आणि वाटेतल्या फाटे फोडणाऱ्या डबीला वीज लागत नाही. अडतं ते सांध्यांवर. प्रत्येक जोड थोडा प्रकाश खातो. आमचा केबलवाला प्रकाश मोजायचा मीटर लावून ‘वजा सत्तावीसच्या खाली गेलंय’ म्हणतो, म्हणजे प्रकाश पुरेसा पोहोचत नाही, तेव्हा राउटरवर ‘लॉस’चा लाल दिवा लागलेला असतो. पावसात सांध्यात पाणी शिरतं आणि उन्हाळ्यात वानरं तारेवर झोके घेतात. अर्जानंतर आठवड्यात कनेक्शन? मला चार महिने लागले, त्यातले तीन ‘दोन खांब कमी पडतायत’ या एका वाक्यात गेले.

फाइव्हजी फोनबद्दल फार लिहीत नाही. फोन बदलल्याने टॉवर जवळ येत नाही. फाइव्हजीचा बराचसा वेग ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींतून मिळतो आणि त्या लांब जात नाहीत. डोंगराच्या कुशीतल्या, चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात ७००, ८५०, ९०० यांसारख्या खालच्या लहरीच आधाराला येतात. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशामुळे २०२५ पासून कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर रेंजचे नकाशे टाकले आहेत, ते जरूर बघा. पण तो मोकळ्यावरचा अंदाज आहे, पत्र्याखालचा नव्हे. शिवाय टॉवर एकच आणि वाटेकरी अनेक. गणपतीत गाव भरतं तेव्हा खळ्यातसुद्धा चार कांड्या दिसतात आणि फोटो जात नाही. हाच मेसेज पाठवताना त्याच्यापुढे घड्याळाचं चिन्ह किती वेळ फिरत होतं, हे त्या चाकरमान्याला एकदा विचारायचं आहे.

बूस्टरचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे, इथे अर्धंसुद्धा खरं नाही. परवानाधारक दूरसंचार कंपनी सोडून इतर कुणीही असा बूस्टर विकणं, बाळगणं किंवा वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये तसं स्पष्ट बजावलं होतं. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो, असं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बूस्टर टॉवरचं सोंग घेतो, गोंगाटासकट सगळं मोठं करून परत हवेत सोडतो, नीट बसवला नसेल तर स्वतःचाच आवाज ऐकून बोंबलत सुटतो. तुमच्या घरी कांड्या वाढतात आणि शेजारच्या तीन वाड्यांचे फोन कट होतात. त्याच पैशांत थोडी भर घालून बाहेर खांबावर लावायचा फोरजी राउटर घ्या. त्यात सिम असतं, तो फोनसारखाच टॉवरशी बोलतो, फक्त उंचावरून. आमच्याकडे पडवीतून माळ्यावर, माळ्यावरून जुन्या अँटेनाच्या पाइपावर असा प्रवास झाला आणि प्रत्येक पायरीला फरक पडला.

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, हे खरं. परवान्यानंतर स्पेक्ट्रम, सुरक्षा चाचण्या, जमिनीवरची केंद्रं अशी रांग असते, आणि परवान्याची बातमी म्हणजे दुकानातला डबा नव्हे. तंत्र चांगलं आहे, त्यात वाद नाही. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायलाच अर्धा सेकंद. स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर. पण तबकडीला आभाळ मोकळं लागतं. आमच्या वाडीत मोकळं आभाळ हवं असेल तर आजोबांनी लावलेले माड तोडावे लागतील. शिवाय मोठी तबकडी ७५ ते १०० वॉट वीज खाते.

आणि वीज हा शब्द त्या अख्ख्या मेसेजमध्ये नाही. गावातलं नेट निम्म्याहून जास्त वेळा तारेमुळे जात नाही, डीपीमुळे, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरमुळे जातं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टॉवरच्या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी आधी संपल्या होत्या. फायबरचा राउटर १२ व्होल्टवर साधारण १२ वॉट घेतो. घरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतली अर्धी वीज वापरली तरी कागदावर तीन दिवस निघतात. प्रत्यक्षात इन्व्हर्टर स्वतःच जवळपास तेवढंच खातो, म्हणून दीड. राउटर थेट बॅटरीवर घेतला तर पुन्हा तीन. एवढं सगळं करून मी पहिल्या पावसाळ्यात ऐटीत बसलो होतो, आणि नेट गेलंच. माझी बॅटरी चालू होती. तीन किलोमीटरवर केबलवाल्याच्या खोलीतली बंद पडली होती.

जागा बघायला येणाऱ्यांना मी आता तीनच गोष्टी सांगतो. मे महिन्यात येऊ नका, जुलैत या. रात्री आठ-नऊला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घालून व्हिडिओ कॉल लावून बघा. आणि केबलवाल्याला दर विचारण्याआधी त्याच्या यंत्राला बॅकअप किती तासांचा आहे, तार तुटली तर खांबावर कोण चढतं, ते विचारा.

माझ्याकडे फायबर आहे आणि पाइपावर दुसऱ्या कंपनीच्या सिमचा राउटर. हे पाइपावरच्या राउटरने पाठवतोय. सकाळपासून लाल दिवा आहे. केबलवाला म्हणतो, उघडीप मिळाली की येतो.