कोलोंताय, दिबेंको आणि 'क्रांतीने मोकळं केलेलं' प्रेम

एक मजकूर बराच फिरतो आहे. सारांश असा: झारच्या रशियात उमराव आणि शेतकरी यांचं लग्न कायद्यानेच अशक्य होतं. १९१७च्या क्रांतीने वर्ग पुसला, प्रेम मोकळं झालं, म्हणून जनरलची मुलगी, बोल्शेविक क्रांतिकारक अलेक्सांद्रा कोलोंताय आणि शेतकऱ्याचा मुलगा, खलाशी पावेल दिबेंको एकत्र येऊ शकले. शेवटी हेही, की 'शरीरसुख म्हणजे तहान लागल्यावर ग्लासभर पाणी' हे याच बाईचं वचन.

कायद्यापासून सुरू करू. लग्नाबाबतची खास बंधनं होती ती राजघराण्यावर. बाकी उमरावांना शेतकरणीशी लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती. काउंट निकोलाय शेरेमेत्येव यांनी आपल्याच नाटकमंडळीतली, भूदास (जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांच्या) घरात जन्मलेली गायिका प्रास्कोव्या हिला आधी मुक्त केलं आणि १८०१मध्ये तिच्याशी लग्न केलं. तेही गुपचूप, कारण भीती कायद्याची नव्हे, दिवाणखान्यांची होती. कायदा अडवत नव्हता, पण पक्षपात करायचा: उमरावाच्या बायकोला त्याचा दर्जा मिळे, मात्र उमरावकन्येने 'खाली' लग्न केलं तर तिचा दर्जा तिच्यापुरताच राही, नवऱ्याला वा मुलांना मिळत नसे. खुद्द कोलोंतायने १८९३मध्ये घरच्यांचा विरोध मोडून एका गरीब नातलगाशी, व्लादिमीर कोलोंताय या इंजिनिअरशी लग्न केलं होतं. तेव्हा झारचंच राज्य होतं.

क्रांतीने काहीच बदललं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नोव्हेंबर १९१७मध्ये जन्माधारित दर्जे आणि पदव्या रद्द झाल्या, डिसेंबरात नोंदणी विवाह आणि सोपा घटस्फोट आला. चर्चच्या हातातून लग्न सुटलं, ही मोठीच गोष्ट.

पण वर्ग पुसला? १९१८च्या राज्यघटनेने नफ्यासाठी मजूर ठेवणारे, व्याजावर वा भाड्यावर जगणारे, खासगी व्यापारी, पाद्री, झारचे पोलीस अशांचा मताधिकार काढला. पुढे त्यांच्यावर अवलंबून असलेले घरचेही त्या यादीत ओढले गेले. आपल्याकडे लग्न ठरवताना घराणं विचारतात, तसं तिथे कॉलेजप्रवेशापासून नोकरीपर्यंत 'सामाजिक मूळ' विचारलं जाऊ लागलं. अशा घरात लग्न करणं म्हणजे तो डाग अंगावर घेणं. शिडी तीच राहिली, फक्त उलटी टेकवली.

त्यातही कमाल केली ती मानसतज्ज्ञ आरोन झाल्किंद यांनी. १९२४मध्ये त्यांनी कामगारवर्गासाठी लैंगिक वर्तनाच्या बारा आज्ञा लिहिल्या. जोडीदाराची निवड वर्गहिताला धरून असावी, ही त्यांतली एक. वर्गशत्रूविषयी वाटणारं आकर्षण मगरीविषयी किंवा ओरांगउटानविषयी वाटावं तितकंच विकृत, असं त्यांचं म्हणणं. हा पक्षाचा कायदा नव्हता आणि सगळ्यांनी तो मानलाही नाही, पण छापला गेला आणि गांभीर्याने वाचला गेला. प्रेम मोकळं झालं म्हणणाऱ्यांनी या मगरीला कुठे बसवायचं ते सांगावं.

आता ती जोडी. १९१७मध्ये बाल्टिक ताफ्यातल्या खलाशांपुढे भाषणं करताना दोघांची ओळख झाली. क्रांती नसती तर गाठ पडली नसती, हे मान्य. पण कोलोंताय १८९८मध्येच नवरा-मुलाला सोडून झुरिचला शिकायला गेली होती आणि त्यानंतर चळवळीतच राहिली. उमरावाच्या घराचा उंबरठा तिने क्रांतीच्या दोन दशकं आधी ओलांडला होता. ऑक्टोबर क्रांतीनंतर ती समाजकल्याण खात्याची कमिसार, म्हणजे मंत्री, तो नौदलाचा. सहकारीच म्हणा. वर्गापेक्षा लोकांच्या तोंडी वयाची गोष्ट जास्त होती: ती १८७२ची, तो १८८९चा. आणि बिनसलं ते ना वर्गामुळे, ना पक्षामुळे. दिबेंकोच्या आयुष्यात दुसरी, तरुण बाई आली. ओडेसात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली, वाचला. कोलोंतायने दूरची नेमणूक मागून घेतली आणि १९२२मध्ये ती नॉर्वेला गेली.

राहिला पाण्याचा ग्लास. ती उपमा जर्मन कम्युनिस्ट नेत्या क्लारा झेटकिन यांनी लेनिनविषयी लिहिलेल्या आठवणींत येते. त्यात लेनिन या 'सिद्धांता'वर तुटून पडतात, पण कोलोंतायचं नाव घेत नाहीत. तिने मात्र १९२३मध्ये कामगार तरुणांसाठी लिहिलेल्या लेखात, भावना वगळून केलेल्या निव्वळ शरीरसंबंधाला पंख नसलेलं प्रेम म्हटलं आणि त्याने माणूस आतून रिता होतो असं बजावलं. म्हणजे जिच्याविरुद्ध तिने लिहिलं, तीच कल्पना तिच्या नावावर खपवली जाते आहे.